मी कार्ड नेलं, आबांना नाही

आबांचं ईसीएचएसचं कार्ड वर्षभर माझ्या पर्समध्ये होतं. माजी सैनिकांसाठीची ही आरोग्य योजना एप्रिल 2003 मध्ये सुरू झाली. आबा 1984 साली हवालदार म्हणून निवृत्त झालेले. 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ असल्यानं सभासद होताना त्यांना पैसे भरावे लागले नव्हते. पॉलिक्लिनिकमधून रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला मिळायच्या. गावाहून तिथवर एसटीनं दीड तास. म्हाताऱ्या माणसाला कशाला दगदग, म्हणून शाळेला सुट्टी असली की मी एकटीच जायचे, रांगेत उभी राहायचे आणि गोळ्या आणायचे. लेक असावी तर अशी, असं लोक म्हणत आणि मला ते गोड लागे. त्या सबंध वर्षात एकाही डॉक्टरनं आबांना डोळ्यांनी पाहिलं नाही, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

2018 चं ते वर्ष. आबा एकाहत्तर वर्षांचे. रात्री लघवीला पाच-सहा वेळा उठायचे. मी म्हटलं, वय झालं. कंबर दुखायची. आबा म्हणायचे, "काय नाय गं, पिट्टू उचलून उचलून पाठ अशीच झालीया." डिसेंबर 1971 मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, जमालपूरच्या लढाईत ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होते. तेव्हाच्या थंडीबद्दल, चिखलाबद्दल ते बोलत, दुखण्याबद्दल कधीच नाही. ते बोलत नाहीत म्हणजे फारसं दुखत नसेल, असं मी धरून चालले. आई एकदा म्हणाली, "ते आडवे होतच नाहीत. भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच झोपतात." मी बाम आणि दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्या आणून दिल्या. आडवं झाल्यावर, रात्री वाढणारी पाठदुखी ही धोक्याची खूण असते. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत, विशेषतः मणक्यांत पसरतो, हे मला पुढे कळलं. पण आईचं ते वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घालायला कसलं ज्ञान लागणार होतं?

पावसाळ्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी अंगणातून येताना आबांच्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि त्यांना ते कळलंच नाही. शनिवारी सकाळी मोरीत पाय दुमडले. मी घाबरले. गावातल्या एका जुन्या फौजीला फोन केला. ते म्हणाले, रेफरलशिवाय दवाखान्यात गेलात तर बिल तुमच्या गळ्यात पडेल, सोमवारी पॉलिक्लिनिक उघडलं की जा. मी ते ऐकलं, दुसरीकडे कुठेच विचारलं नाही. रविवारी त्यांची लघवी अडली, तरी मी सोमवारची वाट पाहिली. पैशाची भीती होती, हे आज लपवत नाही.

सोमवारी पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरांनी आबांच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "शुक्रवारीच का नाही आणलं?" आणीबाणीत रेफरल नसलं तरी थेट दाखल होता येतं, नंतर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. वर्षभर मी त्याच खिडकीशी उभी होते, पण गोळ्यांपलीकडे एक प्रश्न कधी विचारला नव्हता.

त्याच दिवशी पुण्याच्या रुग्णालयात एमआरआय झाला. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात पसरला होता आणि तिथली गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. अशा वेळी उपचार सुरू होताना जो चालत असतो, तो बहुधा पुढेही चालतो. ज्याचे पाय आधीच गेलेले असतात, त्याचे क्वचितच परत येतात. आबा शुक्रवारी चालत होते.

तिथे माझ्या हातून आणखी एक चूक झाली. कॅन्सरचं नाव ऐकताच मी म्हणाले, "वय एकाहत्तर आहे, आता फार काही करू नका." डॉक्टरांनी उलट विचारलं : दोन महिन्यांपूर्वी किती चालायचे? कधी पडले होते का? आठवण कशी आहे? जेवण किती? घरी कोण असतं? उपचार झेपतील की नाही हे नुसत्या वयावर नाही, यावर ठरतं, असं ते म्हणाले. मला निम्मी उत्तरं माहीत नव्हती. आबांनी सगळी दिली. वैशाखापर्यंत ते रानात जात होते. तरीही त्यांना रोगाचं नाव सांगू नका, असं मी डॉक्टरांना हात जोडून विनवलं.

रेडिएशन झालं, दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं. पाय आले नाहीत, पण दुखणं थांबलं. आबा आडवे होऊन झोपू लागले. ही झोप त्यांना कितीतरी आधी मिळू शकली असती.

माझ्या दिरांच्या ओळखीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनाही हाच आजार झाला. योजना तीच. रात्री उठावं लागतं म्हणून त्यांनी पीएसएची रक्ततपासणी करून घेतली, रोग ग्रंथीच्या आतच सापडला, आज ते सकाळी फिरायला जातात. या योजनेत हुद्द्याप्रमाणे वॉर्ड वेगळा असतो. हवालदाराला जनरल. आबांना त्याचं काहीच वाटलं नाही आणि मलाही वाटत नाही, कारण खरा फरक खाटेपाशी पोचण्याआधीच पडला होता. त्या अधिकाऱ्यांना काय विचारायचं ते ठाऊक होतं. आबांच्या वतीनं विचारणारी मी होते, आणि मी विचारलं नाही. आमच्या आळीत एक काका आहेत, फौजेत नऊ वर्षं नोकरी करून परतलेले. पेन्शन नाही, म्हणून कार्डही नाही. त्यांच्याकडे पाहिलं की आबांच्या हातात काय होतं आणि मी ते कसं वाया घालवलं, हे जास्तच टोचतं.

सव्वा वर्ष आम्ही आबांना "हाडांना सूज आहे" असं सांगत राहिलो. शेवटच्या महिन्यात त्यांनी सरळ विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आधी बोलली असतीस तर तुझ्या आईचं नाव दुरुस्त करून घेतलं असतं." पलटणीच्या कागदांत आईचं नाव माहेरचं राहिलं होतं. आबा गेल्यावर फॅमिली पेन्शन सुरू व्हायला अकरा महिने लागले. मी त्यांना दुःखापासून वाचवत होते असं मला वाटत होतं. खरं तर त्यांच्या हातातलं शेवटचं काम मी काढून घेतलं होतं.

आता आईच्या साखरेच्या गोळ्या आणायच्या असतात. कार्ड तिच्याच पिशवीत असतं. एसटीत ती कुरकुरते, पाय दुखतात म्हणते. खुर्चीत बसली की डॉक्टर विचारतात, "काय त्रास होतोय, आजी?" मी भिंतीशी उभी राहते आणि उत्तर तिचं तिला देऊ देते.