अडीच हजारांचं पेडल

मंडळाच्या पहिल्याच बैठकीत मी ‘बास वाजवते’ असं सांगितलं, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, ‘म्हणजे गिटारच ना?’ हो, गिटारच. फक्त तारा सहाऐवजी चार, त्याही जाड, आणि वाजवणारी मुलगी फोटोत कायम कडेला. माझी बास सेकंडहँड आहे, सात हजारांची. आमच्या बँडमध्ये दोन गिटार, एक ड्रमर, एक ओरडणारा (तो स्वतःला गायक म्हणवतो) आणि मी. आम्ही मेटल वाजवतो. भाड्याच्या जॅमरूममध्ये तासाच्या हिशेबाने वाजवायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि चहा पिताना ऐकायचं, असा आमचा क्रम. त्या रेकॉर्डिंगमध्ये मी कुठेच नसायचे. पाच जणांनी वर्गणी काढलेली आणि ऐकू येतायत चौघं.

यात माझा दोष कमी, भौतिकशास्त्राचा जास्त. बासची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते, गिटारची ८२ वेळा. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला ४१ची थरथर झेपतच नाही. इथे डिस्टॉर्शन कामाला येतं. आवाजाची लाट एका मर्यादेच्या वर जाऊ द्यायची नाही, तिचा माथा सपाट छाटायचा, एवढंच ते पेडल करतं. पण छाटलेल्या लाटेतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे स्वर निघतात. ते छोट्या स्पीकरमधूनही येतात आणि ते ऐकून आपला मेंदू खालचा, प्रत्यक्षात न वाजलेला स्वर स्वतःच भरून घेतो. म्हणजे बास फाडली की ती ऐकू येते.

याचा इतिहास मला फार आवडतो. १९६१ साली मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं आलं. साधं, गोड कंट्री गाणं. नॅशव्हिलला ते रेकॉर्ड होत असताना ग्रेडी मार्टिन सहा तारांची बास वाजवत होता आणि मिक्सरचा नेमका त्याचाच चॅनेल बिघडलेला होता. आवाज फाटला, आणि तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या ग्लेन स्नॉडीने मग तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट तयार केलं आणि १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ बाजारात आलं. पुढची सगळी कीर्ती गिटारवाल्यांनी नेली, पण त्या पेडलला जन्म देणारा फाटका आवाज बासचा होता, हे आमच्या दोन्ही गिटारवाल्यांना मी महिन्यातून एकदा तरी ऐकवते.

माझं बजेट चार हजार होतं. चौथीच्या दोन मुलांच्या शिकवणीतून साठवलेले. हेवी बासवाल्यांच्या तोंडी हल्ली हेलसिंकीच्या डार्कग्लास कंपनीचं नाव असतं. त्यांच्या मोठ्या पेडलच्या किमतीत माझ्यासारख्या दोन-तीन बास येतील, तेव्हा तो विषय संपला. बॉसचं ओडीबी-३ हे खास बाससाठी केलेलं जुनं, पिवळं पेडल. ते कर्कश आहे म्हणून काही जण नाकं मुरडतात, पण मजबूत आहे. तेही बजेटबाहेर. राहिली स्वस्त पेडलं. आणि गिटारवाल्याकडून फुकट उसनं मिळणारं त्याचं डिस्टॉर्शन पेडल. फुकट म्हटल्यावर मी तेच घेतलं, बॅगेत टाकलं आणि दिवाळीच्या सुट्टीत पंजाब मेलने घरी गेले.

घर म्हणजे बऱ्हाणपूर. मध्य प्रदेशात, पण रावेर जवळच. त्यामुळे बाजारात एका वाक्यात हिंदी, मराठी आणि उर्दू तिन्ही निघतात. पर्यटक मुमताज महल १६३१ साली इथे वारली एवढं ऐकून येतात आणि कुंडी भंडारा बघून जातात. आम्हाला मात्र हे गाव यंत्रमागांचं. काही गल्ल्यांत दिवसभर खटाखट चालू असते आणि ती बंद झाली की दचकायला होतं. पप्पा एकतीस वर्षं जॉबर आहेत. म्हणजे मागाचा ताण जुळवणारे, धोटा अडकला, काही तुटलं की धावणारे. आजोबा श्रीरामपूरकडून इथे आले. आजही घरी जपमाळ मराठीत होते, चर्चमध्ये मिस्सा हिंदीत, आणि हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पप्पा सुट्टी मिळाली की जातातच.

पप्पांना कमी ऐकू येतं. मागांच्या आवाजाने कान जातात ते एकदम जात नाहीत. आधी वरचे स्वर जातात, चार हजार कंपनांच्या आसपासचे. स, श, फ ही अक्षरं त्याच वरच्या पट्टीत राहतात. त्यामुळे पप्पांना आपण बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय हे कळत नाही. मी ‘साठ’ म्हटलं की त्यांना ‘आठ’ ऐकू येतं. लोक मग ओरडतात, आणि ओरडून काही उपयोग होत नाही, कारण ओरडल्याने ‘स’ मोठा होत नाही. मम्मी त्यांच्याशी खालच्या आवाजात, सावकाश, समोर बसून बोलते. मला ते जमायला वेळ लागला. बारावीपर्यंत मी त्यांच्याशी बोलणंच कमी केलं होतं. फोनवर तर ‘जेवले, बरी आहे, ठेवते’ एवढंच.

पण माझी बास त्यांना ऐकू येते. घरी ॲम्प नाही. पप्पांच्या जुन्या डेकचा, बारा इंची वूफरवाला लाकडी बॉक्स आहे, त्यालाच मी लावते. मी वाजवायला लागले की ते येऊन बॉक्सवर तळवा ठेवतात. मागाच्या सांगाड्यावर हात ठेवून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायची त्यांची सवय आहे, तशीच. गेल्या वर्षी एकदा म्हणाले, ‘तुझी तिसरी तार उतरली.’ ट्यूनर लावून पाहिलं. खरंच उतरली होती.

तर दिवाळीत मी ते उसनं पेडल जोडलं आणि दाबलं. मला वाटलं, वा! काय करकरीत, काय राग! पप्पांनी तळवा उचलला, परत ठेवला.

‘बंद पडलं?’

‘नाही पप्पा, चालू आहे. हेच ते पेडल.’

‘लांब गेली तू,’ ते म्हणाले.

मी दोन दिवस त्यावर रुसले होते. मग डोकं लावलं. गिटारची डिस्टॉर्शन पेडलं लाट छाटण्याआधी खालचे स्वर बरेचसे काढून टाकतात, कारण ते छाटले गेले की चिखल होतो. गिटारला ते शोभतं. बासमधून तेवढंच काढलं तर उरते तिची करकर. मी जो भाग ऐकून खूश होत होते तो नेमका पप्पांच्या हातून निसटणारा होता. आणि मुंबईच्या जॅमरूममध्येही तेच झालं असतं. दोन गिटारींच्या करकरीत माझी तिसरी, आणि तळ रिकामा.

उपाय असतो. मूळ स्वच्छ आवाज आणि फाटलेला आवाज शेजारी शेजारी ठेवायचे. ज्या पेडलवर त्यासाठी ब्लेंडचं बटण नाही, तिथे वायर दुभागून हे घरच्या घरी करता येतं, असं मला वाटलं. रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांना विचारून मी कॉयरच्या मिक्सरवर बसले. एका चॅनेलला सरळ बास, दुसऱ्याला पेडलमधून आलेली. दोन्ही वेगवेगळे झकास. एकत्र केले तर आवाज उलट पातळ! अर्धा तास वायरी बदलल्या. मग लक्षात आलं की काही पेडलं लाट उलटी करून बाहेर देतात. सरळ लाट वर जाते तेव्हा उलटी खाली येते, आणि खालचे स्वर एकमेकांना खातात. त्या छोट्या मिक्सरवर ती सरळ करायचं बटणही नव्हतं. फादर दाराशी उभे होते. त्यांनी फक्त विचारलं, ‘नाताळ के पहले ठीक हो जाएगा ना?’

मुंबईला परतल्यावर मी एकच अट धरून शोधलं: ब्लेंडचं बटण. एका सीनियरला नोकरी लागली होती आणि तो सामान काढत होता. त्याच्याकडे बेरिंगरचं बीडीआय-२१ होतं. सॅन्सॲम्प बास ड्रायव्हर नावाच्या महागड्या अमेरिकी पेडलची ही स्वस्त नक्कल. डबी प्लास्टिकची, म्हणून बूट घालून नाचू नये. मधल्या स्वरांसाठी वेगळं बटण नाही. फार क्रूर, चिरफाड करणारा आवाज हवा असेल तर हे पेडल ते नव्हे. अशांनी फझच बघावं. पण ब्लेंड आहे, आणि मागे एक्सएलआरचं भोक आहे, म्हणजे ॲम्प नसला तरी वायर थेट मिक्सरमध्ये. ज्यांच्याकडे ॲम्प नाही त्यांनी पेडल घेताना आधी हे भोक बघावं. त्याने तीन हजार सांगितले, मी अडीच दिले.

नाताळला घर भरलेलं होतं. श्रीरामपूरची आत्या पेडल बघून म्हणाली, ‘ते सैतानाचं म्हणतात ते हेच का गं?’ मी तिला ब्लॅक सबाथची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतली पोरं. बासवाला गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरातला, आणि त्याने १९७१च्या अल्बममध्ये श्रद्धेच्या बाजूने चक्क एक गाणं लिहिलंय. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, तिथे मशीनमध्ये त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. मग त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या. आत्या ‘अरे देवा’ म्हणाली. पप्पांना मी हे समोर बसून सावकाश सांगत होते. त्यांनी विचारलं, ‘कोणता हात?’

‘उजवा. पण तो डावखुरा. त्यामुळे तारा दाबायचाच हात गेला.’

ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, ‘लाव तुझं.’

मी ब्लेंड पूर्ण फाटक्या आवाजावर ठेवून सुरुवात केली आणि हळूहळू मागे आणत गेले. पप्पांचा तळवा बॉक्सवर. अर्ध्याच्या थोडं अलीकडे त्यांनी दुसरा हात वर केला. माग थांबवायची खूण करतात तसा. मी थांबले. मला स्वतःला तिथे करकर जरा कमी वाटत होती, पण खालचा स्वर परत आला होता आणि त्याच्यावर बारीक वाळू पसरावी तशी ती फाट. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

त्यांनी आतून पांढऱ्या ऑइलपेंटची डबी आणि काडी आणली. मागावर खुणा करायला वापरतात ती. बटणावर एक ठिपका आणि डबीवर त्याच्या समोर एक ठिपका.

जानेवारीत जॅमरूममध्ये गिटारवाल्याने ते बघितलं आणि नखाने खरवडायला लागला, ‘रंग कसला लागलाय?’ मी त्याचा हात बाजूला केला. ‘अजून घाण आवाज पाहिजे,’ तो म्हणाला. मी ड्राइव्ह वाढवला. ब्लेंड तिथेच आहे.