चिमणरावाचे पाठभेद

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरील मनोऱ्यामुळे ते पुण्याच्या पेठांतही दिसू लागले. शनिवारातील एका वाड्यात बावीस बिऱ्हाडे होती आणि दूरचित्रवाणी संच एकच. लाकडी सरकत्या दारांच्या कपाटात बसवलेला तो कृष्णधवल संच एका निवृत्त शिक्षकाच्या घरी होता. सारा वाडा त्यांना ‘मास्तर’ म्हणत असे. संच त्यांनी घेतलेला नव्हता. बँकेत नोकरीस असलेल्या मुलाने तो आणला होता आणि त्याचा परवानाही पोस्टात जाऊन मुलानेच काढला होता. मास्तरांचा या वस्तूशी संबंध एवढाच, की ती त्यांच्या बैठकीच्या खोलीत होती आणि संध्याकाळी त्या खोलीत वाड्यातील पंचवीस-तीस माणसे येऊन बसत.

बसण्याचीही एक रीत आपोआप ठरून गेली होती. मुले पुढे सतरंजीवर, पुरुष मागे भिंतीशी, सासवा पलंगाच्या कडेला आणि सुना दाराबाहेर बोळात. मास्तरांची खुर्ची सर्वांत मागे, दाराला लागून असे. हातात दैनिक उघडलेले असे आणि आपण ते वाचत आहोत, पाहत नाही, हे सर्वांस कळावे अशी त्यांची अपेक्षा असे. चित्र वरखाली पळू लागले, की मास्तरांचा मुलगा उठून बटण फिरवी. तेवढ्याने भागले नाही, तर एखादा मुलगा गच्चीवर जाऊन अँटेना हलवी आणि ‘आलं का?’ ‘आलं! गेलं!’ अशी सवालजबाबांची फैर तीन मजल्यांतून झडे. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही पाटीदेखील मुले मोठ्या निष्ठेने पाहत. ‘किलबिल’, ‘गजरा’, ‘छायागीत’, ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमांनी त्या वाड्याला एक निराळे पंचांग दिले होते. शेतीशी ज्यांचा संबंध दोन पिढ्यांपूर्वी तुटला होता, अशी पेठेतील माणसे कपाशीवरील बोंडअळीची माहिती शांतपणे ऐकून घेत. कारण पुढचा कार्यक्रम चुकवायचा नसे आणि जागाही सोडायची नसे.

सतरंजीवर पहिल्या रांगेत बसणारी एक मुलगी आज महाविद्यालयात मराठी शिकवते. तिच्या शेजारी तिचा थोरला भाऊ बसे. त्यांची आई धाकट्या मुलीला खांद्यावर थोपटत बोळात उभी असे.

१९७७ ते १९७९च्या सुमारास दूरदर्शनवर ‘चिमणराव’ ही मालिका येऊ लागली, तेव्हा मास्तरांच्या उदासीनतेची खरी कसोटी लागली. चिं. वि. जोशी हे त्यांचे आवडते लेखक. बडोद्यास पालीचे अध्यापन करणारा हा विद्वान मराठी मध्यमवर्गाच्या फजितीचा इतका अचूक इतिहासकार कसा झाला, हा त्यांच्या आवडीचा विषय. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ हे १९३३ साली आलेले पुस्तक त्यांनी कुमारवयात वाचले होते आणि १९४०च्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांचा चिमणराव व विष्णुपंत जोगांचा गुंड्याभाऊ डोळे भरून पाहिला होता. त्यामुळे दिलीप प्रभावळकर पडद्यावर आले त्या दिवशी दैनिकाआडून निर्णय आला : “हा चिमणराव नव्हे.” बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊलाही त्यांनी तीच वागणूक दिली.

सतरंजीवरील मुलांना हा निर्णय समजलाच नाही. त्यांच्या दृष्टीने दुसरा चिमणराव अस्तित्वातच नव्हता. मास्तरांनी आधी अक्षर वाचले, मग चेहरा पाहिला. मुलांनी आधी चेहरा पाहिला आणि अक्षराकडे त्या चेहऱ्याचे बोट धरून गेली. त्या मुलीने पुढे शालेय वयात चिं. वि. जोश्यांचे पुस्तक उघडले, तेव्हा पहिल्या ओळीपासून प्रभावळकरांचा आवाज ऐकू येऊ लागला. तो तिला आजतागायत बंद करता आलेला नाही.

तथापि, पुस्तकात तिला एक गोष्ट अनपेक्षित आढळली. तेथे चिमणराव स्वतःच स्वतःची हकीकत सांगतो. आपण किती व्यवहारचतुर आहोत हे तो जितक्या गांभीर्याने सांगतो, तितका त्याचा भोळेपणा वाचकाला अधिक दिसतो. विनोदाचा उगम निवेदक आणि वाचक यांच्या समजुतीतील या अंतरात आहे. पडद्यावर हा ‘मी’ उरत नाही. कॅमेरा चिमणरावाकडे बाहेरून पाहतो. मग जे काम प्रथमपुरुषी निवेदन करीत असे, ते नटाने कशाने करावे? प्रभावळकरांनी ते गोंधळलेल्या नजरेने आणि वाक्य पुरे होण्याआधीच खचणाऱ्या आवाजाने केले. पुस्तकातील चिमणराव स्वतःवर विश्वास ठेवून हसवतो; पडद्यावरील चिमणराव तो विश्वास आपल्या डोळ्यांदेखत गमावत असताना हसवतो. रूपांतर म्हणजे मुळाशी प्रामाणिक राहणे किंवा न राहणे, एवढाच प्रश्न नसून मुळातील एक साधन गेल्यावर त्याच्या जागी दुसरे कोणते उभे केले हा प्रश्न आहे, हे ती आज वर्गात शिकवते. त्याचा पहिला धडा तिला त्या सतरंजीवर मिळाला होता.

हे दोन्ही पाठ समोर ठेवून तपासावेत, असे तिने ठरवले तेव्हा अडचण उभी राहिली. पुस्तक कपाटात होते. मालिका मात्र सलग उपलब्ध नव्हती. त्या काळी ध्वनिचित्रमुद्रणाच्या चुंबकीय फिती महाग असत आणि एका कार्यक्रमाच्या फितीवर दुसऱ्याचे मुद्रण करण्याची पद्धत होती. सुरुवातीच्या वर्षांतील कितीतरी कार्यक्रम असे पुसले गेले. ज्या माध्यमाने चेहरा इतका पक्का कोरला, त्याच्या स्वतःच्या हाती मात्र बरेचसे उरले नाही. उरले ते पाहणाऱ्यांच्या स्मरणात.

स्मरणातून ग्रंथ उभा करण्याचे उदाहरण मराठीला नवे नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा अनुयायांच्या आठवणींतून, गावोगाव फिरून गोळा केल्या. पुढे मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि ‘लीळाचरित्र’ पुन्हा स्मरणातूनच सिद्ध करावे लागले, ही महानुभाव परंपरेतील प्रसिद्ध हकीकत. त्या परंपरेचा मोठेपणा असा, की दोघांचे स्मरण जुळले नाही तेथे त्यांनी एकाला खोटे ठरवले नाही. निरनिराळ्या ‘वासना’ म्हणून ती स्मरणे ग्रंथात जपली.

मुलीने दोनशे पानी वही आणली आणि नाशिकला असलेल्या भावाला दर रविवारी दूरध्वनी करून ती ‘चिमणराव’ आठवू लागली. एका पानाचे दोन उभे भाग केले. अमुक प्रसंगी गुंड्याभाऊ आत आला तेव्हा चिमणराव उभा राहिला, ही तिची वासना. तो बसूनच राहिला, ही भावाची. कावेरीच्या हातात लाटणे होते की पळी, यावर दोन रविवार गेले. काही प्रसंग तिला लख्ख आठवत; पुस्तक उघडल्यावर मात्र ते पाहिलेले नसून वाचलेले आहेत आणि चेहरे तिनेच मागाहून चिकटवले आहेत, अशी शंका येई. असे प्रसंग तिने कंसात लिहिले.

सर्वांत मोठा मतभेद मालिकेविषयी नव्हताच. तो मास्तरांविषयी होता. ते अखेरपर्यंत एकदाही हसले नाहीत, असे भावाचे ठाम म्हणणे. एकदा तरी हसले असावेत, असे तिला वाटे, पुरावा नव्हता. कारण दोघेही पहिल्या रांगेत होते आणि मास्तर त्यांच्या पाठीमागे. तोवर वाडा पडून त्या जागी पाच मजली इमारत झाली होती. मास्तर जाऊन पुष्कळ वर्षे लोटली होती.

अखेरीस तिने आईला विचारले. आईचे वय तेव्हा ब्याऐंशी. अलीकडे सकाळचे दुपारी विसरणाऱ्या आईने क्षणभरही विचार केला नाही.

“तुम्हाला काय दिसणार? तुमचे डोळे त्या पेटीत. मास्तर हसले होते. पेपर तोंडापुढं धरून हसले. मी मागंच उभी होते ना, खांदे हलताना दिसत होते मला.”

“कुठल्या प्रसंगाला, आई?”

“ते मला कसं ठाऊक असणार? मला पडदा कुठं दिसायचा?”

दोन वर्षे दाराबाहेर उभे राहून आईने ती मालिका केवळ ऐकली होती आणि पाहिले होते ते पाहणाऱ्यांच्या पाठींकडे. ही गोष्ट दोन्ही मुलांना इतक्या वर्षांत कधी सुचलीच नव्हती. त्या रविवारी नाशिकचा दूरध्वनी लवकर संपला; भावाने आपले म्हणणे मागे घेतले नाही, पण वाढवलेही नाही.

पुढच्या वर्षी आई गेली. वहीत त्या पानावर दोन उभ्या भागांच्या खाली, जागा अपुरी असल्याने बारीक अक्षरात, तिसरी नोंद आहे : ‘आईची वासना. मास्तर हसले. प्रसंग अज्ञात.’ ही नोंद कंसात नाही.