आधी ठोका, मग हृदय

उबेला ठेवलेल्या अंड्याला दीड दिवस होत आलेला असतो. कवचाआड, बलकाच्या माथ्यावर पसरलेल्या पाणेरी चकतीत तेव्हा काहीतरी हलतं. धडधड म्हणावं असं त्यात अजून काही नाही. बारीकशा नळीची कड किंचित आक्रसते, सैलावते, दम खाते, पुन्हा आक्रसते. पिलाला अजून चोच नाही, पंख नाहीत, डोळ्यांच्या जागी नुसते फुगवटे आहेत. हृदयाला झडपा नाहीत, वेगळे कप्पे नाहीत. इतकंच काय, जे वाहून न्यायचं ते रक्तही अजून खेळू लागलेलं नाही. हृदय तयार व्हायच्या आधीच हृदयाचं काम सुरू झालेलं असतं.

या हालचालीनं माणसाला फार जुन्या काळापासून खिळवून ठेवलं आहे. तिसऱ्या दिवशीच्या अंड्यात रक्ताच्या ठिपक्यासारखं उडणारं हृदय ॲरिस्टॉटलनं नोंदवून ठेवलं. १६२८ मध्ये रक्ताभिसरणावर ग्रंथ लिहिणारा विल्यम हार्वेही या अंड्याकडेच वळला. कवच सोललेलं अंडं कोमट पाण्यात धरून तो पाहत राहिला. सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका आकुंचन पावला की दिसेनासा होई, सैलावला की पुन्हा उमटे.

हा ठोका नेमका कुणाचा? नळीचा, की ती जिच्यापासून घडली त्या पेशीचा? १९१२ साली माँट्रोज बरोज यांनी कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचे तुकडे शरीराबाहेर वाढवले, तेव्हा कळपातून सुटलेल्या एकट्या पेशीही ताल धरून हलताना दिसल्या. पुढं उंदराच्या पिलाचं हृदय विकरांनी विरघळवून सुट्या पेशी पाहायची रीतच पडली. गुलाबीसर द्रवात, सदतीस अंशांच्या उबेत त्या बशीच्या तळाशी बसतात, पाय पसरतात आणि जिची तिची गती धरतात. इथली झपझप, तिथली रेंगाळत. मेंदूशी जोडणारी नस नाही, सांगणारं कुणी नाही. मग पसरता पसरता दोघींच्या कडा भिडतात. त्या कडांमध्ये सूक्ष्म दारं बसतात, विद्युतभारित कण इकडचे तिकडे होतात आणि थोड्या वेळानं दोघी एकाच ठोक्यावर येतात. दिंडीत उशिरा शिरलेल्या टाळकऱ्याचा हात जसा न सांगता समेवर यावा, तसं. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून हे पाहणाऱ्याला बशी बाजूला ठेवणं जड जातं.

आता तर त्या पेशीसाठी कुणाचं हृदयही लागत नाही. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या साध्या पेशींना चार जनुकांच्या बळावर गर्भावस्थेतल्या कोऱ्या पेशींसारखं करून दाखवलं. त्या कोऱ्या पेशींना हृदयाच्या वाटेला लावायची युक्ती गर्भाकडूनच उचललेली आहे. एक रासायनिक संदेश आधी वाढवायचा आणि काही दिवसांनी तोच दाबायचा. क्रम चुकला की हृदय हुकलं. क्रम साधला, की आठ-दहा दिवसांत बशीतला पातळ थर आपोआप उसळू लागतो. आदल्या आठवड्यात तिथं कशाचीच खूण नव्हती.

पण या पेशी असतात कोवळ्या. प्रौढ हृदयपेशी लांबट, विटेसारखी. तिच्यात दोन-दोन मायक्रॉनांवर आडव्या पट्ट्यांची शिस्तशीर ओळ. बशीतली पेशी गोलसर, पट्ट्या विस्कटलेल्या. प्रौढ पेशी मुख्यतः स्निग्धाम्लं जाळते, ही अजून साखरेवर. तिला मोठं करायचं कसं? २०१८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात संशोधकांनी अशा पेशींचे धागे दोन लवचिक खांबांमध्ये ताणले आणि विजेच्या ठोक्यांची गती हळूहळू वाढवत नेली. काही आठवड्यांच्या त्या कष्टानंतर पट्ट्या जुळल्या, पेशी पोक्त झाल्या.

याची उलट बाजू २००३ मध्येच एका माशानं दाखवून दिली होती. गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा, बोटाच्या पेराएवढा झेब्राफिश. त्याच्या पारदर्शक गर्भात हृदयाच्या तोंडाशी काचेचा सूक्ष्म मणी अडकवून रक्ताची वाट रोखली, तेव्हा हृदयाला नीट वळण पडलं नाही, झडपाही घडल्या नाहीत. वाहणाऱ्या रक्ताचा रेटाच झडपांना आकार देत होता. दीड दिवसाच्या अंड्यातली ती घाई अशी उगाच नव्हती. घडून झाल्यावर कामाला लागावं, ही सवड हृदयाला कधी मिळतच नाही; ते कामातच घडतं.

या कर्तेपणाची किंमतही आहे. झेब्राफिशच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला, तरी दोन महिन्यांत तो भरून येतो. नवजात उंदराला ही किमया आठवडाभर साधते, मग जाते. माणसाचं काय? १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत सोडलेलं किरणोत्सारी कार्बन पेशींच्या डीएनएमध्ये शिरलं होतं. त्यावरून स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००९ मध्ये हृदयपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का पेशी नव्या येतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पन्नाशीच्या माणसाच्या निम्म्याहून जास्त हृदयपेशी जन्माच्या वेळच्याच असतात. दिवसाला लाखभर ठोके देणाऱ्यांना विभागायला उसंत कुठली?

म्हणून हृदयविकाराच्या झटक्यात गमावलेल्या पेशींच्या जागी बशीत वाढवलेल्या पेशी बसवायचे प्रयत्न चालू आहेत. सिॲटलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये त्या माकडांच्या जखमी हृदयात सोडल्या. पेशी रुजल्या, जुन्यांशी जोडल्याही गेल्या. पण काही काळ ठोके बिघडले, कारण कोवळी पेशी स्वतःचा ताल घेऊन येते. औषधानं तिला जगवता येईल, पोसता येईल. जुन्या पेशींच्या शेजारी राहून, त्यांच्याबरोबर राबून मुरणं मात्र तिचं तिलाच करावं लागतं. हृदय घडवण्याची दुसरी रीत निसर्गानं अजून तरी कुणाला दाखवलेली नाही.