अर्धा तास आणि खडूची रेघ

आपल्याकडे माती उचलणारं पिवळं काहीही दिसलं की त्याला 'जेसीबी' म्हणायचं. मुळात ही एका माणसाच्या नावाची आद्याक्षरं, जोसेफ सिरिल बॅमफर्ड. 1945 साली इंग्लंडमधल्या युटॉक्सेटर गावी भाड्याच्या गॅरेजात त्यानं युद्धातल्या भंगारातून टिपिंग ट्रेलर बनवला. 1949 साली ट्रॅक्टरला बसणारा 'मेजर लोडर' आणला. म्हणजे घरच्या अंगणात हायड्रॉलिक खोलून बसणाऱ्यांना हसू नये मंडळी!

आमच्या अर्धापूरकडच्या शेतावर ट्रॅक्टरला पुढं असाच छोटा लोडर आहे. शेणखत, माती, केळीची खोडं उचलायला. यंदा ऐन उन्हाळ्यात त्याची ताकद गेली. दांड्यावरून तेल गळायचं, आणि वर केलेली बकेट चहा उकळेपर्यंत जमिनीला टेकायची. पेरणीआधी शेणखत पसरायचं होतं, म्हणून दादानं घरीच खोलायचं ठरवलं.

बाहेरची गळती दिसते, आतली शोधावी लागते. लोडरचे हात पूर्ण वर नेऊन खाली लोखंडी गर्डरचे टेकू दिले. इंजिन बंद करून, लिव्हर हलवून दाब सोडला. सिलिंडरचा दांड्याकडचा पाइप काढून त्याला बूच लावलं आणि हलकेच दाब दिला. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून तेल यायला लागलं. म्हणजे पिस्टनचं सीलही गेलेलं.

नवीन सील बसवताना त्याची ओठासारखी कड दाबाच्या बाजूला हवी. उलटी बसली की सगळी मेहनत पाण्यात. मग रिकामी बकेट आठ-दहा वेळा वरखाली केली, आतली हवा निघून जावी म्हणून.

तेवढ्यात पुतण्या गळती बघायला जॉइंटकडं हात नेऊ लागला. आण्णा कडाडले, "हात कशाला लावायलास? पुठ्ठा धर!"

ते उगाच ओरडले नाहीत. 50 मिलिमीटरच्या सिलिंडरला दर चौरस सेंटिमीटरला 150 किलो दाब मिळाला, तर तो जवळपास तीन टन रेटतो. त्या दाबाची सुईएवढी धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण तेल आत खोलवर जातं. लगेच ऑपरेशन झालं नाही तर बोट जाऊ शकतं.

शेवटी वाळूची सहा पोती बकेटमध्ये टाकली, गुडघाभर उचलली, इंजिन बंद केलं आणि शेजारच्या भिंतीवर बकेटच्या कडेशी खडूनं रेघ ओढली. सगळे लांब निंबाखाली बसलो. अर्ध्या तासात बकेट बोटभरच खाली आली. लिव्हरच्या व्हॉल्व्हमधून एवढं तेल झिरपतंच.

दादा खूश! पण ग्रीस द्यायला वाकण्याआधी आण्णांनी पुन्हा टेकू लावायला लावला. सील नवं होतं, चाचणीही पास झाली होती, तरी. मला तेच जास्त पटलं. आपण केलेल्या कामावर भरवसा असावा, पण त्याच्याखाली जीव ठेवू नये.

तुमच्याकडे कोणी नुसत्या तेलाच्या भरवशावर बकेटखाली शिरत असेल, तर त्याला आजच सांगा. बाकी खुशाल.