नकाशातले मैदान आणि वस्तीतली मुले

गावात नवा रस्ता झाला, बसस्थानक झाले, दोन मंगल कार्यालये उभी राहिली, की गाव सुधारले असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हा बायांची मोजपट्टी मात्र वेगळी आहे. सात वर्षांचे पोर एकटे दुकानात जाऊन मीठ घेऊन सुखरूप परत येते का? आई कामावर असताना मुलाला खेळायला घराजवळ जागा आहे का? भरल्या दिवसांची बाई रस्त्यात थकली तर टेकायला कट्टा आहे का? बाजारात लहान मुलीला लघवीला लागली तर तिला न्यायचे कुठे? ज्या गावात या प्रश्नांना उत्तर नाही, ते गाव दिव्यांनी कितीही झगमगो, लेकराबाळांचे नाही.

आमची वस्ती विदर्भातल्या एका नगरपरिषदेच्या गावाच्या कडेला आहे. पुरुष मंडळी हमाली, गवंडीकाम, रिक्षा अशा कामांवर. आम्ही बहुतेक जणी धुणीभांडी, स्वयंपाक किंवा बांधकामावर जातो. सकाळी सातला घर सोडले की दुपारचे तीन वाजतात. मधल्या वेळात लहानग्यांना सांभाळते थोरली बहीण. थोरली म्हणजे किती थोरली? दहा-अकरा वर्षांची! कडेवर भाऊ आणि हातात पुस्तक, अशाने तिचा अभ्यास कसा व्हायचा?

पूर्वी मुले रस्त्यावर खेळायची. सायकली, एखादी बैलगाडी, फार तर ऑटो, एवढीच तिथली वर्दळ. पुढे रेती-मुरमाचे टिप्पर जवळचा रस्ता म्हणून वस्तीतून धावू लागले. दोन वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या एका मुलाचा पाय चाकाखाली आला. पाय वाचला, पण शाळेचे वर्ष गेले आणि औषधपाण्यात आईचे डोरले गेले. त्या दिवसापासून वस्तीतल्या कितीतरी घरांना दिवसा बाहेरून कड्या लागू लागल्या. पोरे आत, टीव्ही आणि मोबाईल आत, आणि आई दुसऱ्याच्या घरी भांडी घासताना तिचा जीव टांगणीला. भगिनींनो, लेकराला कोंडून ठेवावे असे कोणत्या आईला वाटते? पण बाहेर जागा नसेल तर गरिबाने करायचे काय?

आमच्या वस्तीतली एक मुलगी शहरात राहून नगररचनेचे शिक्षण घेते. दिवाळीच्या सुटीत ती आली आणि म्हणाली, "मावशी, आपल्या वस्तीमागच्या पडीक जागेवर मैदानाचे आरक्षण असेल. गावाचा नकाशा पाहून या." आम्हाला हसू आले. त्या जागेवर बेशरमाची झाडे, उकिरडा आणि डुकरे. तिथे कसले मैदान? तरीही एक दिवसाची मजुरी बुडवून आम्ही पाच जणी कार्यालयात गेलो. बाबूने आधी चहा संपवला, मग विचारले, "बाई, तुम्हाला नकाशा कशाला पाहिजे?" आम्ही म्हटले, "साहेब, आम्हाला आमच्या पोरांचे मैदान पाहायचे आहे." तासाभराने नकाशा टेबलावर आला. पोरगी म्हणाली ते खरे निघाले. आमच्या वस्तीमागे हिरवा तुकडा होता आणि त्यावर 'क्रीडांगण' असे छापले होते. आमच्यातल्या जिला अक्षर येत नाही, तिने त्या हिरव्यावर बोट ठेवून विचारले, "हे आपलंच ना?"

ही जागा आजही खाजगी मालकाची आहे. इथेच कायद्याची एक गोष्ट प्रत्येक वस्तीने समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे गावाची विकास योजना होते. तीत शाळा, दवाखाना, बाग, क्रीडांगण यांसाठी जागा राखून ठेवतात. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत ती जागा घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत जागा घेण्याची पावले पडली नाहीत, तर आरक्षण उठते. म्हणजे मुलांचे मैदान कोणी चोरायला यावे लागत नाही. आपण गप्प बसलो की ते कागदावरूनच निघून जाते. आमच्या जागेचे नववे वर्ष चालू होते!

आपण मागतो ती काही भीक नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांच्या त्या यादीत उद्याने आणि क्रीडांगणे स्पष्ट लिहिलेली आहेत. तेव्हा अर्ज करताना हात जोडायचे कारण नाही. अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी आणि ती घरात रेशनकार्डाइतकी जपून ठेवावी. आम्ही तेच केले. एकशे बारा सह्या आणि अंगठे घेऊन अर्ज दिला. जागा घेण्याचा विषय पुढच्या सभेत आला, ठराव झाला. पैसा अजून मंजूर व्हायचा आहे. दर महिन्याला आमच्यातल्या दोघी जाऊन विचारून येतात.

पण मोठे मैदान मिळेपर्यंत पोरांनी काय करावे? ती वर्षे काही थांबत नाहीत. यावर त्याच मुलीने आम्हाला हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहराची हकिकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या शहरात मुले पुष्कळ आणि जागा थोडी, अशी अवस्था होती. नगररचना खात्यात याकोबा मुल्डर नावाच्या बाई होत्या. त्यांच्या पुढाकाराने आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुरचनाकाराने १९४७ मध्ये एका चौकात पहिली खेळाची जागा केली. तिथे होते काय? रेतीचा हौद, उड्या मारायला लोखंडी दांड्या आणि आईबापांना बसायला बाके. उंच कुंपण नाही, तिकीट नाही. मग इतर मोहल्ल्यांतले लोक पालिकेला पत्रे लिहू लागले, आमच्याकडेही अशी जागा करा. दोन घरांमधली मोकळी जागा, पडलेल्या घराची जागा, रुंद फुटपाथ, जे मिळेल ते घेतले. १९७८ पर्यंत अशा ७०० हून अधिक जागा झाल्या.

रस्त्याचीही तीच गोष्ट. त्या देशात १९७१ या एका वर्षात रस्त्यावर ४०० हून अधिक मुले मेली. पुढच्या वर्षी एका पत्रकाराने 'मुलांची हत्या थांबवा' अशा मथळ्याचा लेख लिहिला. त्याची स्वतःची मुलगी अपघातात गेली होती. त्याच नावाने चळवळ उभी राहिली आणि आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले. १९७६ मध्ये तिथे कायदा झाला. त्यानुसार काही वस्त्यांच्या गल्ल्यांत गाडीने माणसाच्या चालीने जायचे आणि मुलांनी रस्त्यावर खेळायचे. हॉलंड श्रीमंत देश आहे, हे खरे. पण रेतीचा हौद आणि गाडीचा वेग कमी करणे, याला श्रीमंती किती लागते?

आमच्याकडे पाण्याच्या टाकीखाली नगरपरिषदेचीच दोन-तीन गुंठे जागा होती. तिथला कचरा उचलून द्या, एवढीच मागणी आम्ही केली. कचरा उचलला गेला. पुढचे काम वस्तीने केले. गवंडी भावांनी रविवारी हौदाची बुटकी भिंत बांधली, वेल्डिंगवाल्याने जुन्या पाइपांच्या दांड्या करून दिल्या, रिक्षावाल्यांनी टायर आणून अर्धे जमिनीत पुरले. भिंत मुद्दाम रुंद केली, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना बसता येते. आता दुपारी तिथे दोन आज्या पाळीपाळीने बसतात. आम्ही घरटी महिन्याला थोडी वर्गणी काढून त्यांना देतो, कारण मुले सांभाळणे हे काम आहे आणि कामाला मोल असते. थोरल्या मुली त्या वेळात शाळेत असतात. टिप्परच्या रस्त्यावर दोन गतिरोधक झाले. शाळेच्या वेळेत टिप्पर बंद ठेवण्याचा आमचा दुसरा अर्ज अजून पोलीस ठाण्यात पडून आहे.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या गावाची विकास योजना एकदा उघडून पाहा. आपल्या वस्तीभोवती मुलांसाठी काय राखून ठेवले आहे आणि त्याला किती वर्षे झाली, ते मोजा. नवी योजना तयार होत असेल तर हरकती आणि सूचना देण्याची मुदत चुकवू नका. जाताना चार बाया सोबत न्या, आणि जमल्यास मुलांनाही न्या. ज्यांच्यासाठी जागा मागायची, ते टेबलासमोर उभे असले की अर्ज बाजूला सारणे बाबूलाही जड जाते.