गाणं कुठं तुटतं?

'खट्' असा बारीकसा आवाज येतो आणि गाणं नाहीसं होतं. डायलवरचा निळसर उजेड तसाच असतो, रेकॉर्ड फिरत असते, सुईजवळ कान नेला तर गाण्याची कुजबुजही ऐकू येते. स्पीकर मात्र गप्प. मग काही वेळानं, कुणी हात लावलेला नसताना, पुन्हा 'खट्' होतं आणि गायक मधल्या काळात जिथवर पोचला असेल तिथून गाणं सुरू होतं. जुन्या स्टिरिओ रिसीव्हरच्या या वागण्याला घरातली माणसं लवकर कंटाळतात. एक दिवस तो माळ्यावर जातो, पुढं कधीतरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर. मला या गप्प होण्याबद्दल फार आस्था आहे. कायमचं बंद पडलेलं यंत्र काही सांगत नाही. अधूनमधून थांबणारं यंत्र पुष्कळ सांगत असतं.

आमच्याकडचा रिसीव्हर मस्कतहून आला. सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशानं आखाती देशांत कामं निघाली आणि रत्नागिरी, चिपळूण, दापोली या पट्ट्यातली कितीतरी माणसं तिकडं गेली. सुट्टीवर येताना टू-इन-वन, थर्मास, अत्तराच्या बाटल्या यायच्या. एखाद्याचा पगार बरा असेल तर जपानी रिसीव्हरही. घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा दर्शनी भाग, फिरवताना हाताला वजन जाणवेल अशी बटणं, आत भला मोठा ट्रान्सफॉर्मर. एफएमची लांबलचक पट्टी मात्र आमच्याकडं कित्येक वर्षं मुकीच होती. भारतात एफएम १९७७ साली मद्रासला सुरू झालं आणि कोकणातल्या वाड्यांपर्यंत पोचायला त्याला फार काळ लागला. देवरूखजवळच्या आमच्या घरात त्या रिसीव्हरला एक स्पीकरजोडी माजघरात आणि दुसरी ओटीवर अशा दोन जोड्या होत्या. बाबांना ओटीवर बसून ऐकायला आवडायचं.

तो 'खट्' आवाज रिलेचा. रिले म्हणजे विद्युतचुंबकानं ओढला जाणारा छोटा खटका. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये तो दाराशी बसलेला असतो. रिसीव्हर चालू केल्यावर तीन-चार सेकंद काहीच ऐकू येत नाही, ती त्याचीच किमया: आतले व्होल्टेज स्थिरावेपर्यंत तो दार उघडत नाही, म्हणून सुरुवातीचा धप्प असा दणका स्पीकरला बसत नाही. त्याचं खरं काम याहून मोठं आहे. शेवटच्या टप्प्यातला एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर चाळीस-पन्नास व्होल्टचा सरळ डीसी प्रवाह स्पीकरच्या कॉइलमध्ये घुसतो. स्पीकरची कॉइल हलत्या प्रवाहासाठी बनलेली असते. स्थिर प्रवाह मिळाला की ती एका बाजूला ओढली जाऊन तिथंच रुतते, तापते आणि जळते. वूफरमधून धूर निघायला काही क्षण पुरतात. त्या क्षणांच्या आत रिलेनं दार लोटायचं असतं. म्हणजे गाणं थांबणं हा पुष्कळदा बिघाड नसतोच, बिघाडापासून घर वाचवण्याची धडपड असते.

रत्नागिरीच्या बाजारपेठेत रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक काका होते. ते मूळ प्रश्नालाच हात घालायचे. मी पहिल्यांदा रिसीव्हर घेऊन गेले तेव्हा त्यांनी झाकणही उघडलं नाही. "ताई, बंद पडतो हे मला दिसतंय. गाणं कुठं तुटतं ते सांगा." मला प्रश्न कळला नाही. मग ते म्हणाले, "आलापात तुटतं, का तानेत? सुरुवातीला, का रेकॉर्ड उलटल्यावर? एक बाजू जाते, का दोन्ही?" त्या दिवसापासून मी रिसीव्हर वेगळ्या कानानं ऐकू लागले. ख्यालाची बढत आणि यंत्राचा बिघाड यांचं एक नातं आहे, ते त्यांनी मला दाखवलं.

मध्य लयीत, गाणं रंगात आलेलं असताना, भीमसेनजींची तान वर चढते, डग्ग्यावर घुमारा पडतो आणि नेमकं तिथं 'खट्' होतं. हा जास्त प्रवाहाचा बिघाड. घरगुती आवाजात आलापी ऐकताना स्पीकर जेमतेम एक वॅट किंवा त्याहून कमी शक्ती घेत असतात, पण आवाज दहा डेसिबलनं चढला की दसपट शक्ती लागते. त्यात खर्जाचे स्वर प्रवाह अधिक खेचतात. स्पीकरचा अवरोध कमी असेल, तर रिसीव्हर त्या एका क्षणी आपल्या मर्यादेपलीकडं जातो आणि रक्षणासाठी थांबतो. आमच्या घरी कारण उघड होतं. आठ ओहमची माजघरातली जोडी आणि आठ ओहमची ओटीवरची जोडी एकदम चालू केली की प्रत्येक बाजूला चारच ओहम उरत होते. मागच्या पाटीवर दोन्ही जोड्या एकत्र लावायच्या तर किती ओहमचे स्पीकर हवेत ते छापलेलं असतं, ते वाचावं. दुसरं कारण याहूनही साधं: स्पीकरच्या तारेचा एक केसासारखा धागा स्क्रूबाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असतो. हळू आवाजात तो निभावतो, तान चढली की सापडतो. तारेची टोकं पुन्हा सोलून, पिळून घट्ट बसवली की पुष्कळ रिसीव्हर त्याच दिवशी बरे होतात.

गाणं पहिल्या बाजूला निर्धोक चालतं आणि रेकॉर्ड उलटल्यावर, विलंबित ऐसपैस पसरलेलं असताना तुटतं. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की परत येतं. ही उष्णता. ट्रान्झिस्टर ज्या पंखेदार हीटसिंकवर बसवलेले असतात ती तापते आणि तिच्यावरचा उष्णतेचा खटका सर्किट तोडतो. आपल्या घरांत याचं कारण बहुतेक वेळा वरच पडलेलं असतं. कोकणातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात टीव्ही, रेडिओ, रिसीव्हर यांच्यावर क्रोशाचा किंवा भरतकामाचा रुमाल घालायची पद्धत. माझ्या आईनं घातलेला रुमाल अतिशय सुंदर होता, पांढऱ्या दोऱ्याचा, कडेला बारीक कमानी. तो धूळ अडवायचा हे खरं. पण झाकणावरच्या झरोक्यांतून गरम हवा वर निघून जावी म्हणूनच ते झरोके ठेवलेले असतात, आणि रुमालानं तीच वाट बंद होते. त्यातून रिसीव्हर शोकेसच्या बंद खणात असेल तर आत जमलेली ऊब आतच राहते. कंडेन्सरचं आयुष्य तर उष्णतेशी थेट बांधलेलं असतं: तापमान दहा अंशांनी उतरलं की ते साधारण दुप्पट होतं. आईनं रुमाल स्वतःच उचलून कपाटात ठेवला आणि रिसीव्हरच्या वर वीतभर जागा मोकळी केली.

तिसरा प्रकार मला सर्वांत जास्त भावतो, कारण तो सगळ्यांत हळुवार जागी सापडतो. किशोरीताईंचा भूप लावला आहे, सुरुवातीची आलापी आहे, आवाज कमी ठेवला आहे. डावा स्पीकर हळूहळू विरत जातो आणि मग नाहीच. आवाज जरा मोठा केला की कडकड होऊन तोही बोलू लागतो, आणि पुन्हा कमी केला तरी थोडा वेळ टिकतो. इथं 'खट्' होत नाही. हा बिघाड संपर्काचा. रिलेचे टेकणारे बिंदू चांदीच्या मिश्रधातूचे असतात आणि देवघरातलं चांदीचं निरांजन जसं काळं पडतं तसेच तेही काळे पडतात. हवेतला गंधक दोन्हीकडं सारखंच काम करतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या आमच्या भागात चार महिने सगळं दमट, त्यामुळे हे काळवंडणं लवकर होतं. मोठ्या आवाजाचा जोर त्या पातळ थराला भेदून जातो. आलापीतला नाजूक सूर, ज्याच्यासाठी आपण श्वास रोखून बसलेलो असतो, तो मात्र तिथंच अडतो. वाजत्या रिसीव्हरवर ढोलकीची लावणी ठणठणीत ऐकू येईल आणि आलाप हरवेल, म्हणून कित्येक घरांत हा दोष कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हाच मळ रिलेखेरीज इतर जागीही बसतो. आवाजाचं बटण फिरवताना खरखर झाली, तर आतल्या पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावर, मळ धरला आहे. टेप मॉनिटरचं बटण वर्षानुवर्षं न दाबलेलं असेल तर सगळा आवाज त्याच्या गंजक्या संपर्कातूनच जात असतो. रिसीव्हर बंद करून ते बटण वीस-पंचवीस वेळा दाबावं, निवडीचे खटके मागं-पुढं फिरवावेत. निदान काही महिन्यांपुरती सुटका होते. काही रिसीव्हरना मागं यू आकाराच्या धातूच्या दोन पट्ट्या लावलेल्या असतात, त्या पुढच्या आणि मागच्या टप्प्याला जोडतात. त्या उपसून, पुसून परत बसवल्या की हरपलेली बाजू अचानक येते, हे मी स्वतः पाहिलं आहे. रिले उघडता येण्याजोगा असेल तर जाडसर कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून त्या बिंदूंमधून सावकाश ओढायची. पॉलिश पेपर मारू नये, वरचा मुलामा खरवडून निघतो. बंद डबीतला रिले असेल तर तेवढ्याच कॉइल-व्होल्टेजचा नवा बसवणं बरं. असे सुटे भाग मुंबईला लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, अजूनही शोधले तर मिळतात.

राहिला चौथा. कुणी माजघरातून चाललं, फळी हलली, दार आपटलं की गाणं तुटतं किंवा परत येतं. हा ड्राय सोल्डर. तापण्या-निवण्यानं सुट्या भागांच्या पायांभोवतीचं कथील वर्षानुवर्षं फुगत-आकसत राहतं आणि भोवती केसाएवढी गोल चीर पडते. काका बोर्डावर टोक गोल केलेल्या बांबूच्या काडीनं हलके टकटक करत जायचे. एका जागी काडी टेकली की स्पीकर कडाडायचा. मग भिंग लावून त्या जागी बघायचे आणि नवं कथील द्यायचे. घाई करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. तापल्यावर तुटणारं गाणं उष्णतेच्या खटक्यामुळं तुटतं की अशा चिरेमुळं, हे त्यांना काडीनंच कळायचं.

रेडिओचं वेगळं. एफएमवर लहर कमकुवत झाली की म्यूटिंगचा खटका खरखर ऐकू येऊ नये म्हणून आवाजच बंद करतो. तो खटका बंद करून पाहावा, अँटेनाची जागा बदलावी.

घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा सगळ्यांना यावी असं मला वाटतं. रिसीव्हर बंद करून मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करा. मुकी बाजू दुसऱ्या स्पीकरकडं गेली तर दोष रिसीव्हरमध्ये किंवा त्याच्याही मागं आहे. तिथंच राहिली तर स्पीकर आणि तार तपासा. मग रेकॉर्ड प्लेअरच्या पिनांची तशीच अदलाबदल करा. एवढ्यानं निम्मं घर सापडतं. झाकण उघडणं मात्र जाणत्याचं काम. पिन काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये झटका देण्याइतका विजेचा साठा राहू शकतो, आणि २३० व्होल्टचा प्रवाह चूक पोटात घालत नाही. काका दुरुस्तीनंतरही रिसीव्हर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावत नसत. आधी सिरीज बोर्डावर, साठ वॅटच्या दिव्यातून. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच लखलखत राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे, तो सांगते. "रिलेच त्रास देतोय, तार टाकून सरळ जोडून देतो" असं सांगणारे मेकॅनिक भेटतात. पैसे कमी लागतात, गाणं लगेच सुरू होतं, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्या तारेनं दाराचा राखणदार कायमचा बाजूला केलेला असतो. पुढं कधी ट्रान्झिस्टर गेला की त्याच्याबरोबर स्पीकरही जातात, आणि जुन्या वूफरचा जोड आता सहजी मिळत नाही. असं करून घेऊ नका, कुणी केलेलं असेल तर ते काढून घ्या. दुरुस्तीला नेताना एका कागदावर गाणं कुठं तुटलं ते लिहून न्या: हळू आवाजात की मोठ्या, सुरुवातीला की तापल्यावर, एक बाजू की दोन्ही. जाणत्या माणसाला तेवढं पुरतं, आणि त्याच्या काडीच्या टकटकीचे पैसे त्याच्याशी घासाघीस न करता द्या. ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तर चाळीस-पन्नास वर्षांचे असे रिसीव्हर बहुतेक वेळा दुरुस्त होतात.