दुर्बिणीतला गुडघा

गुडघ्याच्या सांध्यात पेन्सिलीपेक्षा बारीक दुर्बीण घालून, आतले चित्र पडद्यावर पाहत केलेल्या शस्त्रक्रियेला वैद्यकात आर्थ्रोस्कोपी म्हणतात. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत हे नाव फारसे कानावर येत नाही. काही जण ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात. बाकीच्यांच्या लेखी गुडघ्यावरची कोणतीही शस्त्रक्रिया म्हणजे ‘वाटी बदलणे’. या शब्दाने बराच घोटाळा केला आहे. वाटी बदलणे म्हणजे झिजलेल्या हाडांची टोके कापून तेथे धातू व प्लास्टिकचा सांधा बसवणे. गंमत म्हणजे त्यातही खऱ्या वाटीला कित्येकदा हात लावत नाहीत. दुर्बिणीने सांधा बदलत नाही. आत अडकलेले सोडवणे, फाटलेले शिवणे किंवा छाटणे, तुटलेल्या दोरीच्या जागी नवी ओवणे, एवढेच तिचे काम. प्रस्तुत लेखकाच्या घरात काही वर्षांच्या अंतराने तीन गुडघे बिघडले: पेडण्यात त्याचा स्वतःचा, डिचोलीत भाच्याचा आणि मयेला मावशीचा. तिघांपैकी एकालाच डॉक्टरांनी ताबडतोब ‘करून घ्या’ म्हटले.

मांडीचे हाड नडगीच्या सपाट माथ्यावर टेकते तेथे गुडघा होतो. गोल टोक सपाटीवर टेकले तर सगळा भार एका बिंदूवर येईल. तो पसरावा म्हणून दोन्ही हाडांमध्ये दोन चिवट गाद्या असतात, एक आतल्या अंगाला आणि एक बाहेरच्या. आकार चंद्रकोरीचा, कड जाड आणि आतली धार पातळ. वैद्यकीय नाव मेनिस्कस. गादीच्या बाहेरच्या साधारण एकतृतीयांश भागालाच रक्त पोहोचते. तेथली फाट शिवली तर जुळते. आतल्या भागातली बहुधा जुळत नाही. शस्त्रक्रियेतला अर्धा निर्णय या एका गोष्टीवर ठरतो. सांध्याच्या मधोमध दोन दोऱ्या एकमेकींवर फुली मारून जातात. त्यातली पुढची, म्हणजे एसीएल, नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा सावरते. हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात. ती झिजली की संधिवात, आणि तिला दुर्बिणीतून परत घासून चकचकीत करता येत नाही, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

सांध्यात डोकावण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. 1918 साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घातली. त्यामागचे कारण आपल्याकडच्या माणसाला सहज कळेल. तेव्हा जपानात गुडघ्याच्या क्षयाने पाय ताठ होत, आणि जमिनीवर गुडघे दुमडून बसणाऱ्या समाजात ताठ गुडघ्याचा माणूस घरातल्या घरात परका होई. रोग लवकर दिसावा, ही ताकागींची धडपड होती. स्वित्झर्लंडमध्ये ऑयगेन बिर्शर यांनी 1921 च्या सुमारास जिवंत रुग्णांचे गुडघे असेच पाहिले. मात्र दुर्बिणीला पाहण्यापलीकडे नेले ते ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी. 1962 मध्ये त्यांनी फाटलेल्या गादीचा तुकडा दुर्बिणीतून कापून काढला. टोरोंटोचे रॉबर्ट जॅक्सन 1964 मध्ये टोकियोला गेले, ही विद्या शिकले आणि तिकडे घेऊन गेले. पूर्वी गुडघा सरळ उघडून अख्खी गादी काढून टाकत. काही वर्षांनी तो सांधा झिजे, आणि मग कळले की गादी काही निरुपयोगी अवयव नव्हती.

प्रस्तुत लेखकाचा गुडघा काजूच्या हंगामात गेला. एप्रिलमध्ये पेडण्याच्या डोंगरउतारावर वाळलेल्या पानांची घसरण असते, आणि बोंडू वेचणारा माणूस दिवसभर उठबस करतो. बोंडवापासून बी पिळून वेगळी करण्यासाठी तो उकिडवा बसला होता. बसल्या बसल्या मागच्या डब्याकडे वळला आणि गुडघ्यात ‘कट’ असे काहीतरी झाले. पाय जमिनीवर टेकलेला, गुडघा पूर्ण दुमडलेला आणि वरून पीळ, अशा स्थितीत गादी फाटते. त्यासाठी मैदान, पडणे, अपघात यांपैकी कशाचीच गरज नसते. चाळिशीनंतर तर नाहीच. उभे राहिल्यावर पाय सरळ होईना. साधारण तीस अंशांवर तो अडकला, जणू दाराच्या फटीत कोणी खडा घातला आहे.

पुढचे चार दिवस वाया गेले. शेजाऱ्यांनी मालीश करणाऱ्याकडे नेले. त्याने तेल लावून गुडघा जोर देऊन सरळ करायचा प्रयत्न केला, आणि संध्याकाळी गुडघा कलिंगडासारखा सुजला. मुरगळलेल्या घोट्याला चोळणे आणि अडकलेला गुडघा ओढणे यात फार मोठा फरक आहे. आत फाटलेली गादी बादलीच्या कडीसारखी उलटून मध्यभागी अडकलेली असते आणि प्रत्येक ओढीने ती आणखी फाटते. शिवण्याजोगी असलेली गादी अशा चार दिवसांत छाटण्याजोगी होऊ शकते.

मग पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून बांबोळी. तीन बस, आणि प्रत्येक बसच्या पायऱ्या. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात रांग सकाळीच लागते. त्या रांगेत बांदा, सावंतवाडी, दोडामार्गचीही माणसे असतात. तपासणीला पाच मिनिटेही लागली नाहीत, तरी सगळ्यात जास्त माहिती तिनेच दिली. डॉक्टरांनी कडेच्या फटीवर अंगठा दाबून दुखरी जागा शोधली, पाय हळूच फिरवून पाहिला, नडगी पुढे ओढून दोरी शाबूत आहे ना ते जोखले, आणि विचारले, “अडकतो की दुखतो?” हाच या विषयाचा मुख्य प्रश्न. दुखण्याची कारणे पन्नास असतात. खरोखर अडकण्याची दोन-तीनच: उलटलेली गादी, सांध्यात फिरणारा हाडाचा वा कूर्चेचा सुटा तुकडा, किंवा तुटलेल्या दोरीचे टोक. दुखण्याच्या भीतीने पाय आखडणे वेगळे. ते कळले नाही तर नको तिथे दुर्बीण घातली जाते.

एमआरआयमध्ये कडीसारखी उलटलेली गादी स्पष्ट दिसली. तरीही एमआरआयवर आंधळा विश्वास ठेवू नये. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या पन्नाशी ओलांडलेल्या 991 लोकांचे गुडघे असे तपासले गेले. तो अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाद्या फाटलेल्या दिसल्या त्यांतल्या 61 टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. पिकलेल्या केसांसारखीच वयाबरोबर पडलेली फाट असते. अहवालात ‘टेअर’ शब्द वाचून घाबरलेली माणसे म्हापशाच्या कोणत्याही लॅबबाहेर सापडतील.

शस्त्रक्रियेत भूल कमरेत दिली. मांडीवर पट्टा आवळून रक्त थांबवले. वाटीखालच्या जाड दोरीच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराहूनही लहान अशी दोन छिद्रे पाडली. एकातून सुमारे चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते, दुसऱ्यातून हत्यारे. दुर्बिणीचे भिंग तिरके असते, त्यामुळे ती नुसती गोल फिरवली तरी कोपऱ्यापलीकडचे दिसते. सलाइनच्या पिशव्यांतले पाणी सतत सांध्यात सोडतात. त्याने जागा फुगते आणि रक्त धुऊन जाते. कंबरेखाली काही कळत नसले तरी रुग्ण जागा असतो, आणि पडदा त्याच्याकडे वळवला तर तो स्वतःच्या गुडघ्यात फिरून येतो. निरोगी कूर्चा शहाळ्याच्या मलईसारखी पांढरी आणि ओलसर दिसली. फाटलेल्या गादीची कड मात्र नारळाच्या काथ्यासारखी पिंजलेली होती. आकडीने गादी जागेवर ढकलताच मधली वाट मोकळी झाली. फाट रक्त न पोहोचणाऱ्या भागापर्यंत गेलेली आणि पिंजलेली असल्याने ती शिवली नाही. सुटलेला तुकडा छाटला आणि उरलेली कड गुळगुळीत केली. छाटायचे तेवढेच छाटायचे, कारण जितकी गादी जाते तितकी पुढे झीज लवकर येते.

दुसऱ्या दिवशी कुबड्यांवर चालणे सुरू झाले. जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे नर्सने पाठ करून घेतले. खरे काम मात्र घरी होते: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीचा स्नायू आवळायचा, दहा मोजायचे, सोडायचे. गुडघा सुजला की हा स्नायू काही दिवसांतच बसतो आणि परत उभा राहायला महिने घेतो. छाटणी झालेला माणूस साधारण काही आठवड्यांत कामावर जातो. शिवण झाली असती तर सुमारे सहा आठवडे पट्टा, आणि उकिडवे बसणे चार ते सहा महिने बंद. काजूच्या बागेत काम करणाऱ्याला या दोहोंतला फरक हंगामाएवढा असतो, म्हणून तो आधी विचारून घ्यावा. धोके थोडे, पण खरे. जंतुसंसर्ग शंभरात एकालाही होत नाही. पोटरीत रक्ताची गाठ होणे त्याहून फसवे, कारण ते नुसत्या गोळ्यासारखे वाटते. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली किंवा श्वास लागला तर वाट पाहू नये.

खर्चाबाबत गोव्यातल्या कुटुंबांसमोर दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड येते. 2016 पासूनच्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचे संरक्षण होते. तारीख ठरण्याआधी कार्ड चालू आहे का आणि आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का, एवढे पाहावे.

डिचोलीच्या भाच्याचे प्रकरण वेगळे होते. फुटबॉलमध्ये कोणाचा धक्का न लागताच, धावता धावता वळताना त्याची एसीएल तुटली. ती बहुधा अशीच तुटते. आवाज ऐकू आला, दोन तासांत गुडघा रक्ताने भरला आणि महिनाभराने सूज ओसरल्यावर सपाट रस्त्यावर चालता आले, म्हणून घरच्यांना वाटले की बरे झाले. पण वळताना गुडघा ‘सोडून जाई’. चालता येणे ही दोरी शाबूत असल्याची खूण नव्हे. दोरी शिवून बहुधा टिकत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूंचे किंवा वाटीखालचे कंडर घेऊन, हाडांत बोगदे पाडून नवी ओवतात. प्रत्येकाला ते लागतेच असे नाही. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये आले. काहींची शस्त्रक्रिया लगेच केली, काहींना आधी कसून व्यायाम दिला आणि गरज पडली तरच नंतर शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती, आणि पाच वर्षांपर्यंत दुसऱ्या गटातल्या जवळपास अर्ध्यांना शस्त्रक्रिया लागलीच नाही. भाच्याने चार महिने व्यायाम केला, तरी गुडघा वळणावर सोडत राहिला. फुटबॉल सोडायची तयारी नव्हती, तेव्हा त्याने करून घेतली. नवी दोरी सुरुवातीला मजबूत असते, मग पहिल्या काही आठवड्यांत शरीर तिला आपलेसे करताना ती कमजोर होते, आणि नेमक्या त्याच वेळी वेदना गेलेली असल्याने पोरे मैदानाकडे पळतात. मैदानावर परतण्याआधी नऊ महिने ही मुदत केवळ डॉक्टरांच्या हट्टाची नाही.

मावशीचे गुडघे म्हणजे चाळीस वर्षांच्या लावणीचे गुडघे. सकाळी ताठ, पायऱ्यांवर दुखणारे, थोडे वाकलेले. एका खासगी दवाखान्यात तिला ‘दुर्बिणीतून सफाई करू’ असे सुचवले गेले. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असा सल्ला पूर्वी जगभर मिळत असे. अमेरिकेत 2002 साली 180 रुग्णांवर त्याची परीक्षा झाली: काहींची सफाई केली, काहींचा सांधा नुसता धुतला, काहींच्या त्वचेवर फक्त चिरा घेतल्या. दोन वर्षांत सफाईवाल्यांना चिरावाल्यांहून जास्त आराम कधीच मिळाला नाही. फिनलंडमध्ये 2013 मध्ये, संधिवात नसलेल्या पण वयाने गादी फाटलेल्या 146 जणांत, गादी छाटणे आणि नुसते नाटक यांत वर्षभरानंतर फरक दिसला नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञ गटाने 2017 मध्ये झिजेच्या जवळपास सर्व गुडघ्यांसाठी दुर्बीण नको, असे स्पष्ट लिहिले. बांबोळीच्या डॉक्टरांनी मावशीला तेच दोन वाक्यांत सांगितले: वजन थोडे उतरवा, मांडीचा व्यायाम करा, अगदीच चालवेनासे झाले तर सांधा बदलण्याचे बोलू. मावशी रागावून परत आली. दुर्बीण नाकारणे म्हणजे उपचार नाकारणे, असेच तिला वाटत होते.

एकच प्रसंग असा आहे जेथे वय, झीज, खेळ काहीच विचारात घेत नाहीत: गुडघा गरम, लाल, भरलेला, हलवता न येणारा आणि सोबत ताप. सांध्यात पू झाला तर कूर्चा काही दिवसांत खलास होते. तेथे सांधा धुऊन काढायलाच दुर्बीण घालतात, आणि तेव्हा तासांचा हिशेब असतो. अशा वेळी पेडण्याहून तीन बस बदलत बसू नये, 108 ला फोन करावा.

मावशी आता रोज सकाळी पाटावर बसून टाचेखाली टॉवेल ठेवते आणि दहा मोजते. लेखकाने काजूच्या बागेत नेण्यासाठी एक बुटके स्टूल करून घेतले आहे. भाच्याच्या शस्त्रक्रियेला सातवा महिना चालू असून तो मैदानाच्या कडेला उभा राहून शिट्टी वाजवतो.